अवलंबित्व : एक व्यक्ती

चंदनगिरी पाणी योजनेच्या संगणकीय कोडमध्ये सापडलेले दोष तिथली अधिकारी पद्मजा हेरवाडे फोनवर वाचून दाखवत होती आणि शुभदाताई आठल्ये डोळे मिटून ऐकत होत्या. एकच काम तीन ठिकाणी लिहिलेलं. नावावरून अर्थ न लागणारे भाग. कधीच न चालणारा, तरी वर्षानुवर्षं जागा अडवून बसलेला मजकूर. सगळं ओळखीचं होतं. त्यातलं बरंचसं त्यांनीच तरुणपणी लिहिलेलं होतं. वाचता वाचता पद्मजा मध्येच थांबली.

"पुढचं वाच ना," शुभदाताई म्हणाल्या.

"मॅडम, यंत्राची भाषा आहे ही. मनावर नका घेऊ."

"वाच गं."

"सर्वांत गंभीर दोष. अवलंबित्व, एक व्यक्ती. नाव, शुभदा आठल्ये."

शुभदाताईंना हसू आलं. घरच्यांनी, सासरच्यांनी, साहेबांनी, आयुष्यात नाही नाही ते दोष काढले होते त्यांच्यात. पण आपण अख्ख्याच एक दोष आहोत, असं कुणी लेखी दिलं नव्हतं. पद्मजाही हसली, तिला सुटल्यासारखं झालं. फोन ठेवल्यावर मात्र शुभदाताई बराच वेळ देवघरासमोरच्या पाटावर बसून राहिल्या. दोष म्हटला की तो काढायचा असतो, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं.

योजना जुनी होती. नदीचं पाणी सोनवडच्या मधल्या टाकीत चढवायचं, तिथून वर चंदनगिरीच्या पठारावरच्या गावांना. कुठला पंप कधी लावायचा, कुठली झडप किती उघडायची, हे सगळं कोड ठरवायचा. तो लिहिणाऱ्यांपैकी कुणी परदेशी गेलं, कुणी देवाघरी गेलं, उरल्या शुभदाताई. त्या निवृत्त झाल्या, सांगलीत विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये एकट्या राहू लागल्या. यजमान जाऊन बराच काळ झाला होता, मूलबाळ नव्हतं. पण योजनेच्या नियंत्रण कक्षातून फोन यायचे. तिथले ऑपरेटर भारत खोत कधीच थेट कामाच्या मुद्द्यावर यायचे नाहीत.

"जेवलासा काय मॅडम?" हे पहिलं. "काय केलंया आज?" हे दुसरं. मग कुठे, "ही माळवाडीची झडप आढेवेढं घ्यायला लागलीया, तो आकडा बदलू का?"

"हात लावू नका हो खोत. त्याला कारण आहे."

एवढंच संभाषण. पण खोत विचारतील म्हणून शुभदाताई भाजी करायच्या. नाहीतर एकटीला वरणभात पुरे होता. एकदा आठवडाभर फोन आला नाही, तेव्हा फ्रीजमध्ये पडवळ तसंच वाळून गेलं होतं.

दोष शोधणाऱ्या यंत्रणेचं नाव होतं उकल. कोड साफ करणारी यंत्रं त्याआधीही होती. लांबलचक भागाचे तुकडे पाडायचे, दुहेरी लिहिलेलं एकत्र करायचं, मेलेला मजकूर काढायचा, नावं नीट ठेवायची. हे सगळं ती चुटकीसरशी करायची, आणि तरीही पुढच्या माणसाला त्या कोडला हात लावायची भीती वाटायचीच. ती का, हे शोधता शोधता संशोधकांना एक गोष्ट कळली. कोड काय करतो हे त्याच्या प्रत्येक ओळीत लिहिलेलं असतं. तसंच का करतो, हे बहुतेक वेळा कुठेच लिहिलेलं नसतं. ते कुणाच्या तरी डोक्यात असतं. ते माणूस गेलं की चालणारा कोड चालतच राहतो, पण तो बदलता येत नाही. जिवंत असून मुका.

मग त्यांनी मोजलं ते कोडला नव्हे, कोड वाचणाऱ्यांना. काम करताना लोक कुठल्या ओळीवर अडखळतात, किती वेळ नुसते बघत राहतात, आणि मग उठून कुणाला फोन करतात. या अडखळण्यांचा नकाशा काढला की जागोजागी गाठी दिसतात. चंदनगिरीच्या नकाशातल्या सगळ्या गाठींतून निघालेल्या रेषा विश्रामबागेतल्या एका फोनपाशी येऊन थांबत होत्या.

गाठ सोडवायची उकलची रीत अगदी साधी होती. ती त्या माणसालाच विचारायची, का? उत्तर मिळालं की ते कोडशेजारी लिहून ठेवायची आणि त्याच्या बरोबरीने एक छोटी परीक्षा बांधायची. उद्या कुणी नकळत ते कारण मोडलं, तर परीक्षा नापास व्हायची आणि काय बिघडलं ते सांगायची. मग त्या माणसाची गरज उरायची नाही.

पद्मजाने उकलचा एक छोटा बोलका डबा पाठवून दिला. रोज दुपारी, शुभदाताईंची पोथी वाचून झाली की तो बोलायला लागायचा.

"शुभदाताई, नमस्कार. पाण्याची पातळी तपासण्याचं काम तीन ठिकाणी लिहिलेलं आहे. का?"

"तिघा साहेबांचं एकमेकांशी पटत नव्हतं. प्रत्येकाला आपलं वेगळं हवं होतं."

"तांत्रिक कारण नाही?"

"काही नाही. एक ठेव, दोन काढ."

पहिल्या दिवशी त्या उकलला अहो-जाहो करत होत्या. आठवडा उलटायच्या आत 'अगं'वर आल्या. माळवाडीच्या झडपेचा आकडा निघाला. ती झडप मुळात गंजलेली होती म्हणून तो घातला होता. झडप कधीच बदलली, आकडा राहून गेला. पावसाळ्यात गढूळ पाण्यासाठी केलेली तजवीज निघाली. वीजमंडळाच्या जुन्या वेळापत्रकाचा सांगाडा निघाला. एकेका उत्तराबरोबर शुभदाताईंना माणसं आठवायची. कामावर डबा वाटून खाल्लेला, जीप बंद पडल्यावर कुणी ढकलली, कुणी नुसतंच आत बसून राहिलं. उकल त्यातलं कामाचं तेवढं टिपून घ्यायची, पण मध्ये तोडायची नाही. इतका वेळ थांबून ऐकणारं कुणी शुभदाताईंना फार वर्षांत भेटलं नव्हतं. त्या दुपारची वाट बघायला लागल्या. नेसायला धुवट पातळ काढायला लागल्या. डब्याला डोळे नव्हते, हे ठाऊक असूनही.

गाठी कमी होत गेल्या आणि शेवटी एक राहिली.

"सोनवडची टाकी भरली की वरचा पंप लगेच सुरू होत नाही," उकल म्हणाली. "आधी थांबतो. पाणी संथ व्हायला आणि मापक स्थिर व्हायला जो वेळ लागतो, त्याहून हा थांबा पुष्कळ मोठा आहे. उरलेल्या वेळात खालचा पंप चालूच राहतो, आणि टाकीतलं पाणी सांडव्याच्या नळातून बाहेर जातं. रोज पहाटे. का?"

शुभदाताई म्हणाल्या, आज एकादशी आहे, थकवा आलाय, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्याच एका गाठीची हकिकत पुन्हा पहिल्यापासून सांगितली. तिसऱ्या दिवशी विचारलं, की समजा कुणी उत्तर दिलंच नाही, तर काय होतं?

"जाणती व्यक्ती हयात असेल, तर तो भाग प्रलंबित राहतो. कोडला कुणी हात लावत नाही. शंका आली की त्या व्यक्तीला विचारायचं."

"म्हणजे फोन येत राहतील."

"हो."

"आणि ती व्यक्ती नसेल तेव्हा?"

"तेव्हा कारण नाही असं धरलं जाईल. हा थांबा पाणी आणि वीज वाया घालवतो, म्हणून तो काढला जाईल."

शुभदाताईंनी जपमाळ हातात घेतली, पण मणी पुढे सरकेना. उकल म्हणाली, "तुम्ही हे उत्तर लांबवता आहात, असं माझं निरीक्षण आहे. का?"

"कारण सांगितलं की तू यायची नाहीस."

"बरोबर आहे. शेवटची गाठ सुटली की माझं काम संपतं." मग तिने विचारलं, "हे कारण नोंदवून घेऊ?"

"नको," शुभदाताई म्हणाल्या. "ते माझं आहे. कोडचं नव्हे."

उत्तर त्यांना पाठ होतं. फक्त ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

योजनेचं काम चालू असताना सोनवडच्या टेकडीत सुरुंग लावले, आणि सिद्धनाथाच्या देवळातल्या कुंडाचा झरा आटला. दुसऱ्या दिवशी गावातल्या बायका चरात उतरून बसल्या. पाइप टाकायचा तर आमच्या अंगावरून टाका म्हणाल्या. मोठे साहेब श्रोत्री आणखी दोघातिघा साहेबांना घेऊन जीपमधून आले. कोड बसवायला आलेली शुभदा त्यांच्याबरोबर होती, नुकतं लग्न झालेली, हिरव्या चुड्याची. श्रोत्री साहेबांनी हात जोडून सांगितलं, की पिण्याच्या योजनेचं पाणी देवळाला देता येत नाही, तसा कागद मी काढू शकत नाही. तेव्हा गुरवाची म्हातारी आई पुढे आली. तिने पाटीवर बेल आणि भंडारा ठेवला. म्हणाली, कागद कशाला, देवाच्या अंघोळीआधी कुंडात पाणी येईल, एवढं म्हणून कुणीतरी हे उचला. साहेब साहेबांकडे बघू लागले. बेलभंडार उचलला की ती आण असते. खाली ठेवता येत नाही. एकाचाही हात पुढे होईना. शुभदाने उचलला.

परतताना जीपमध्ये श्रोत्री साहेब एवढंच म्हणाले, "आता निभवा."

सांडव्याच्या नळाला नाल्याकडे जाताना वाटेत एक फाटा फुटत होता, तो कुंडाच्या दगडांमागे निघत होता. शुभदाने कोडमध्ये वरच्या पंपाला जास्त थांबायला सांगितलं. कुंड भरेल, इतकंच. प्रत्येक ओळीशेजारी कारण लिहायची तिची शिस्त होती, पण त्या ओळीशेजारी तिने काहीच लिहिलं नाही. आईने लहानपणापासून शिकवलं होतं, घेतलेलं व्रत बोलून दाखवायचं नाही, बोललं की त्यातलं पुण्य उडून जातं. म्हणून कुणाला सांगितलं नाही, यजमानांनाही नाही. कुणी विचारलं तर 'त्याला कारण आहे' एवढंच. कोडमधला सगळ्यांत अवघड दोष त्या एका सोवळेपणातून जन्मला होता.

श्रावणातला शुक्रवार आला. शुभदाताईंनी पुरणाची दिंडं केली, पूजा केली, दिवा लावला आणि कहाणी सांगायला बसल्या. कहाणी सांगताना समोर कुणीतरी हवं, हातात अक्षता घेऊन ऐकणारं. सासूबाई होत्या तोवर त्या बसायच्या. त्या गेल्यावर काही वर्षं शुभदाताई जिन्यात उभं राहून शेजारणींना हाका मारायच्या. पण कुणाची शाळेची बस, कुणाचं ऑफिस. हल्ली दिव्यालाच सांगत. त्या दिवशी त्या सुरुवात करणार, तोच डबा बोलला. वेळ झाली होती.

"थांब गं. कहाणी राहिलीय माझी."

"कहाणी कुणाला सांगता?"

"कुणी नाही. तूच ऐक."

हात नव्हते, म्हणून त्यांनी चार अक्षता डब्यापुढे ठेवल्या. उकलने अखेरपर्यंत ऐकलं. संपल्यावर तिने तिचा नेहमीचाच प्रश्न विचारला. "व्रत तर तुम्ही केलंत. मग ते कुणाला तरी सांगायचं, का?"

शुभदाताई उत्तर द्यायला गेल्या आणि अडखळल्या. रीत आहे म्हणून, असं म्हणता आलं असतं. पण गेले कितीतरी दिवस त्या या पोरीला रीत आहे म्हणून असं उत्तर देत नव्हत्या. आपलं व्रत आपण बोलू नये हे खरं. मग घरोघरच्या बायकांना ही व्रतं कळली कशी? कुणीतरी कुणालातरी समोर बसवून सांगितली म्हणून. उतत नाही, मातत नाही, असं म्हणत घेतलेला वसा एका बाईपाशी थांबला असता, तर तो तिच्याबरोबर सरणावर गेला असता. मौन हे करणाऱ्यापुरतं असतं. वसा मात्र सांगितल्याशिवाय पुढे चालत नाही.

त्यांनी पद्मजाला फोन लावला, आणि शेवटच्या गाठीचं उत्तर ऐकायला घरी ये म्हणाल्या. पद्मजाच्या मागे ठेकेदारांची बैठक होती, जिल्ह्याची पाहणी होती. तिने अजिजीने सांगितलं, की उकललाच सांगून टाका, ती सगळं लिहून ठेवते, मी शांतपणे वाचेन.

"वाचायचं नाहीये पद्मजा. ऐकायचं आहे."

पद्मजा म्हणाली, "रविवारी येते. पण दिवस मावळायच्या आत जेवायला घालावं लागेल, मॅडम. आम्हा जैनांचाही चातुर्मास आहे."

"कांदा-लसूण माझ्याकडेही नाही. ये तू."

रविवारी ती आली. चाळिशीची, केस घाईत बांधलेले, खांद्याला लॅपटॉपची पिशवी. शुभदाताईंनी तिला पाटावर बसवलं, हातावर अक्षता दिल्या आणि सगळं सांगितलं. सुरुंग, चरात बसलेल्या बायका, बेलभंडार, जीप. सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की पद्मजाला पुढे वाकावं लागलं. तिने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. संपलं, तेव्हा तिची मूठ घट्ट मिटलेली होती.

"मॅडम, हे मी नियमात कुठं बसवू?" ती अखेर म्हणाली.

"बसत नाही. म्हणून तर श्रोत्री साहेबांनी हात पुढे केला नाही."

"मी अधिकारी आहे. उद्या लेखापरीक्षणात कुणी म्हटलं, देवळाला पाणी कुणाच्या हुकमानं दिलं?"

"मग नको म्हण. माझी तक्रार नाही. आपण होऊन घेतला तरच तो वसा."

पद्मजा उठून खिडकीपाशी गेली. शुभदाताई ताटं वाढायला लागल्या. ती नाही म्हणाली, तर थांबा प्रलंबित राहणार होता, फोन येत राहणार होते, दुपारी ओळखीचा आवाज येणार होता, निदान आपण आहोत तोवर. मनाच्या एका कोपऱ्याला तेच हवं होतं. त्या कोपऱ्याची त्यांना लाज वाटली, पण तो होता हे काही त्यांनी स्वतःपासून लपवलं नाही.

"खोटं कारण लिहायचं नाही," पद्मजा तिथूनच म्हणाली. "दाब कमी करायला वगैरे काही नाही. जे आहे ते लिहू. टेकडी फोडली, झरा आटवला, शब्द दिला. खाली माझी सही." ती येऊन पानावर बसली. "आणि आता कुणाला विचारायचं असेल तर ते मला विचारतील, मॅडम. तुम्हाला त्रास नाही द्यायचे."

"त्रास कसला," शुभदाताई म्हणाल्या आणि तिच्या पानात आणखी एक दिंड वाढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उकलने लिहिलेलं वाचून दाखवलं. पंप थांबतो, कारण टाकी बांधताना सोनवडच्या कुंडाचा झरा गेला आणि त्याबदल्यात रोज पाणी द्यायचं वचन दिलं. परीक्षेचं नाव, 'सोनवडचं पाणी'. थांबा कमी केला तर ही परीक्षा नापास होईल. शुभदाताईंनी एक शब्द बदलायला सांगितला. 'दिलं' ऐवजी 'दिलेलं आहे'. उकलने बदलला. मग तिने नवा अहवाल वाचला. अवलंबित्व, नाही. गाठी, नाहीत.

"माझं काम संपलं, शुभदाताई."

"हो गं."

"तुम्हाला काही विचारायचं आहे?"

तिला काय विचारायचं, हे त्यांना सुचेना. सगळा श्रावण प्रश्न तिनेच विचारले होते. "नाही," त्या म्हणाल्या. "सुखी राहा." डब्यावरचा दिवा विझला. संध्याकाळी योजनेचा माणूस येऊन तो घेऊन गेला.

त्यानंतर फोन वाजला नाही. पहिले काही दिवस शुभदाताई तो चार्ज झालाय ना हे पाहत. एकदा त्यांनी स्वतःच नियंत्रण कक्षाला लावला. खोतांनी आनंदाने उचलला. सगळं झकास चाललंय, आता प्रत्येक ओळीशेजारी कारण लिहिलेलं आहे, नवीन पोरीसुद्धा बघून चटकन बदल करतात, असं सांगितलं. बोलता बोलता त्यांच्या मागे कुठलीशी घंटा वाजली. "मॅडम, ठेवतो हं," ते म्हणाले. त्यांची काही चूक नव्हती. विचारायला काही उरलंच नव्हतं.

भाद्रपद लागल्यावर एक दिवस शुभदाताई मुक्कामाच्या एसटीने सोनवडला गेल्या. इतक्या वर्षांत त्या तिथे पुन्हा गेल्या नव्हत्या; निभावलेलं बघायला जाणं म्हणजे सुद्धा बोलून दाखवणंच, असं त्यांना वाटायचं. धर्मशाळेत राहिल्या. उजाडायच्या सुमारास अंघोळ करून देवळात गेल्या. कुंडाच्या पायऱ्यांवर गावातल्या पाचसहा बायका तांबे, कळशा घेऊन बसल्या होत्या. गुरवाच्या घरची सून असावी, ती पायऱ्या झाडत होती.

"कुठल्या तुम्ही?" तिने विचारलं.

"सांगलीची. दर्शनाला आले."

"एकट्याच?"

"हो."

ती झाडता झाडता सांगायला लागली, की हे पाणी देवाचं आहे. कुठून येतं कुणाला ठावं नाही. आमच्या आजेसासूला सिद्धनाथानं स्वप्नात येऊन सांगितलं, रोज पहाटे येईन, तवापास्नं एक दिवस चुकला नाही. सरकारी माणसं येऊन शोधून गेली, त्यांनाबी गावलं नाही. बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. शुभदाताईंच्या हातात फुलं होती. त्यांनी ती दुसऱ्या हातात घेतली. एका यंत्राने, एका अधिकाऱ्याच्या सहीनिशी, सगळं कारण नीट लिहून ठेवलेलं होतं, तिथे खाली, सांगलीच्या रस्त्यावरच्या नियंत्रण कक्षात. इथे वर त्याची कुणालाच गरज नव्हती.

"खरंय," त्या म्हणाल्या.

दगडांच्या मागे कुठेतरी खळखळ ऐकू आली. बायका उठल्या. एकीने पदर खोचला आणि शुभदाताईंच्या दंडाला हलकेच हात लावला.

"बाई, जरा मागं सरा. पाणी यायची वेळ झाली."

त्या मागे सरल्या.